आंतरपीक पद्धती आणि कवकजन्य मूळरोग

एकाच शेतात, एकाच हंगामात दोन किंवा अधिक पिके ठराविक प्रमाणात व ठराविक मांडणीने घेण्याच्या रीतीस आंतरपीक पद्धती म्हणतात. बियाणे एकत्र मिसळून फोकून वा पेरून घेतलेल्या पिकांस मिश्रपीक म्हणतात. आंतरपिकात प्रत्येक पिकाचे तास (ओळी) वेगळे राखलेले असतात. महाराष्ट्रात तिफणीने ज्वारी, बाजरी वा कापूस पेरताना तिच्यामागे मोघण बांधून दर काही तासांनंतर तुरीचे एक तास पेरण्याची चाल जुनी आहे. पाऊस कमी पडला तर एक पीक तरी हाती यावे, जमिनीचा कस टिकावा आणि घरच्या डाळीची सोय व्हावी हे तिचे उघड हेतू होत. या पद्धतीमुळे मुळांचे काही रोग कमी होतात, हा तिचा तितकासा उघड नसलेला गुण विसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध झाला. तथापि तो सर्व रोगांना व सर्व जोड्यांना सारखाच लागू पडत नाही. कोणत्या पिकाशेजारी कोणते पीक घेतले आहे आणि रोग कोणत्या कवकामुळे होतो, यांवर तो अवलंबून असतो.

शेतकऱ्यांच्या भाषेत ‘बेवड’ हा शब्द रूढ आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला बरावाईट परिणाम म्हणजे बेवड. फेरपालटीचा विचार या शब्दात पूर्णपणे सामावलेला आहे. शेजारच्या चालू पिकाच्या परिणामाला मात्र असा रूढ शब्द नाही. बहुधा तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या परिणामाचा विचार केला आहे.

मूळरोगांची कवके : मातीतून मुळांत शिरून रोग उत्पन्न करणाऱ्या कवकांचे ब्रिटिश शास्त्रज्ञ एस. डी. गॅरेट (१९०६–८९) यांनी दोन ढोबळ गट मानले. एका गटातील कवके मृदानिवासी असतात. ती मातीतील कुजणाऱ्या पदार्थांवर जगू शकतात आणि संधी मिळताच अनेक जातींच्या वनस्पतींच्या कोवळ्या किंवा दुबळ्या मुळांवर हल्ला करतात. दुसऱ्या गटातील कवके मूळनिवासी असून त्यांचे आश्रय (पोषक वनस्पती) मोजकेच असतात. आश्रय वनस्पती मेल्यानंतर ती तिच्या अवशेषांत काही वर्षे तग धरतात, पण इतर सूक्ष्मजीवांच्या स्पर्धेपुढे हळूहळू नष्ट होतात. आंतरपिकाचा परिणाम समजण्यासाठी हा भेद फार उपयोगी पडतो. दुसऱ्या गटातील कवकाला परका शेजारी निरुपयोगी असतो. पहिल्या गटातील कवकाला तोच शेजारी आणखी एक भक्ष्य ठरू शकतो.

मर रोग (तूर, हरभरा, कापूस, कलिंगड, केळी इत्यादींचा) उत्पन्न करणारी फ्युजेरियम वंशातील कवके ढोबळमानाने दुसऱ्या गटात मोडतात. त्यांची जाडभित्ती बीजुके मातीत सुप्तावस्थेत राहतात. जवळ आलेल्या मुळातून पाझरणाऱ्या शर्करा, ॲमिनो अम्ले इ. द्रव्यांमुळे ती रुजतात. कवकतंतू मुळात शिरून प्रकाष्ठापर्यंत (पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांपर्यंत) पोहोचतात आणि पाण्याचा मार्ग अडतो. मूळकूज व खोडकूज करणारी मॅक्रोफोमिना फॅसिओलिना (वंध्य अवस्थेत ऱ्हायझोक्टोनिया बटॅटिकोला) आणि स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही कवके मात्र सर्वभक्षी म्हणावीत अशी आहेत. या दोहोंपैकी प्रत्येकाच्या आश्रय वनस्पतींची संख्या सुमारे पाचशेच्या घरात जाते. पहिल्याचे काळे, सूक्ष्म जालाश्म (कवकतंतूंचे घट्ट, कठीण गोळे) नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. दुसऱ्याचे जालाश्म मोहरीच्या दाण्यांसारखे असून भुईमुगाच्या कुजलेल्या बुडख्याभोवती सहज आढळतात. फायटॉप्थोरा व पिथियम यांची गणना पूर्वी कवकांतच होत असे. आता त्यांना वेगळ्या सृष्टीत, शैवलांच्या काही गटांजवळ स्थान दिले जाते. परंतु रोगाच्या व्यवहारात त्यांचा विचार कवकांबरोबरच करतात. त्यांची चल बीजुके मातीतील पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात.

ऐतिहासिक : अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन एफ्. स्मिथ यांनी १८९९ मध्ये कापूस, कलिंगड व चवळी या तिन्ही पिकांची मर निओकॉस्मोस्पोरा व्हॅसिनफेक्टा या एकाच कवकामुळे होते, असे प्रतिपादन केले होते. हे मत खरे असते, तर कापसात चवळी किंवा तूर घेणे म्हणजे रोगाला आमंत्रण ठरले असते. पुसा (बिहार) येथे वनस्पतिरोगांचा अभ्यास करणारे एडविन जॉन बटलर (१८७४–१९४३) यांनी तुरीच्या मर रोगावर अनेक वर्षे काम करून १९१० मध्ये विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. निओकॉस्मोस्पोरा हे मेलेल्या मुळांवर नंतर येणारे कवक असून रोगाचे खरे कारण फ्युजेरियम उडम हे वेगळे कवक आहे, असे त्यांनी दाखविले. हे कवक तूर व तिच्या जवळच्या रानटी जाती यांच्यापुरतेच मर्यादित आहे, असे पुढे दिसून आले. कापसाची मर फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच्या एका खास प्रकारामुळे, तर हरभऱ्याची दुसऱ्या खास प्रकारामुळे होते. कापूस व तूर ही दोन्ही मर पावणारी पिके एका शेतात सुखाने का नांदू शकतात, याचे उत्तर या विशिष्टतेत आहे. शेतकऱ्यांना ते अनुभवाने ठाऊक होते; शास्त्राला ते नीट सांगण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

तुरीची मर : या विषयावरील सर्वांत उद्‌बोधक उदाहरण तुरीचे आहे. मर लागलेल्या झाडाची पाने पिवळी पडून माना टाकतात. कधी झाडाची एकच बाजू वाळते. बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा खोडावर दिसतो आणि साल खरवडली असता आतील प्रकाष्ठात तपकिरी-काळ्या रेषा आढळतात. झाडे बहुधा फुलोऱ्यात किंवा शेंगा धरतेवेळी मरतात. त्यामुळे वर्षाची मेहनत हाताशी आल्यावर जाते. रोगी झाडांचे अवशेष जमिनीत राहिल्यास कवक त्यांत सुमारे तीन वर्षे जिवंत राहू शकते. शेतात रोग ठिकठिकाणी चकंदळांच्या (गोलसर पट्ट्यांच्या) रूपात दिसतो व दरवर्षी ही चकंदळे रुंदावतात, कारण एका झाडाच्या रोगी मुळावरून ते शेजारच्या झाडाच्या मुळावर जाते.

ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर कमी असते, असे निरीक्षण भारतात १९३० नंतरच्या दशकापासून नोंदविले जात आहे. त्याच सुमारास पुसा येथे तंबाखूच्या फेरपालटीनेही मर कमी होते असे दिसले होते (१९३८). हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या निमशुष्क उष्ण कटिबंधीय पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत (इक्रिसॅट) या प्रश्नाची पद्धतशीर तपासणी करण्यात आली. मुद्दाम रोगग्रस्त राखलेल्या जमिनीवरील अनेक वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष नटराजन, कन्नैयन, विली व नेने यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. एकट्या तुरीचे पीक त्याच जमिनीत दरवर्षी घेतल्यास मर वाढत गेली. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास ती कमी राहिली. एक वर्ष तुरीला खंड देऊन नुसती ज्वारी घेतल्यास अथवा जमीन पड टाकल्यास ती आणखी उतरली. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, आंतरपिकाने रोग घटतो पण नाहीसा होत नाही. फेरपालटीची बरोबरी ते करू शकत नाही. दुसरी, रोगाला बळी पडणाऱ्या वाणातच हा फरक ठळकपणे दिसतो; प्रतिकारक वाण असेल तर आंतरपिकाच्या साहाय्याची गरजच कमी भासते.

यात एक चमत्कारिक वाटणारी बाब आहे. ज्वारी शंभर-सव्वाशे दिवसांत काढली जाते आणि तूर त्यानंतर दोन महिने किंवा अधिक काळ एकटीच उभी असते. मरीची लक्षणे बहुधा याच एकटेपणाच्या काळात दिसतात. मग ज्वारीने रोखले काय? याचे उत्तर असे की, लक्षणे उशिरा दिसली तरी संसर्ग पुष्कळदा फार आधी, झाड लहान असतानाच झालेला असतो. तुरीच्या मुळाभोवती ज्वारीच्या मुळांचे दाट जाळे असते ते नेमके या काळात. ज्वारी कापल्यानंतरही तिची धसकटे व मुळे जमिनीत कुजत राहतात, आणि मातीतील इतर सूक्ष्मजीवांना त्यांपासून खाद्य मिळते.

शेजारी पीक रोग कसा रोखते : प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा नेदर्लंड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये आढावा घेतला. त्यात बहुतेक जोड्यांत रोग कमी झाल्याचे आणि काहींत काहीच फरक न पडल्याचे आढळले. सर्वांत अधिक वेळा दिलेले कारण अगदी साधे आहे, ते म्हणजे आश्रय वनस्पतींची विरळता. एका हेक्टरमध्ये रोगाला बळी पडणारी मुळे कमी असली आणि त्यांच्यामध्ये परकी मुळे आली, म्हणजे कवकाला एका मुळाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे अंतर वाढते. हे कवक मातीतून स्वबळावर फार लांब जाऊ शकत नाही. त्याच्याजवळचा खाद्यसाठा वाटेतच संपतो.

मांडणीचा संबंध येथे येतो. दर दोन तास ज्वारीनंतर एक तास तूर आणि दोन तासांत ४५ सेंमी. अंतर असे धरले, तर तुरीच्या दोन तासांमध्ये १३५ सेंमी. अंतर पडते. ते ओलांडणे कवकाला कठीण जाते. परंतु त्याच तासात तुरीची रोपे एकमेकांपासून सुमारे २० सेंमी.वर असतात, तेथे मुळाला मूळ लागण्यास काहीच आडकाठी नसते. म्हणून आंतरपिकात रोग एका तासातून दुसऱ्यात जाण्यापेक्षा तासाच्या लांबीत पसरण्याचा संभव अधिक असतो. या दृष्टीने बियाणे मिसळून पेरण्याची जुनी रीत अधिक परिणामकारक ठरावी, कारण तीत दोन तुरींमध्ये सर्व दिशांना परके झाड येऊ शकते. मात्र कोळपणी, फवारणी व काढणी यांच्या अडचणींमुळे ती मागे पडली.

परक्या मुळांचा अडसर कधी अक्षरशः भिंतीसारखा काम करतो. चीनच्या युन्नान प्रांतातील संशोधकांनी मका व मिरची यांच्या आंतरपिकात मिरचीची मूळकूज करणाऱ्या फायटॉप्थोरा कॅप्सिसीचा अभ्यास केला (२०१४). मक्याच्या ओळींतील मुळे एकमेकांत गुंतून रोगाला मिरचीच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाऊ देत नाहीत, असे त्यांना दिसले. इतकेच नव्हे, तर फायटॉप्थोराची चल बीजुके मक्याच्या मुळांकडे आकर्षित होतात आणि तेथे मक्यातून पाझरणाऱ्या बेंझॉक्सॅझिनॉइड वर्गातील द्रव्यांमुळे ती निकामी होतात. मका हा त्यांचा आश्रय नसल्याने ही एक प्रकारची फसगतच होय.

मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा (मूळस्रावांचा) विचार यामुळे महत्त्वाचा ठरतो. मुळाच्या लगतच्या मातीत सूक्ष्मजीवांची वस्ती इतर मातीपेक्षा वेगळी असते. या भागाला १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्ट्स हिल्टनर यांनी ऱ्हायझोस्फिअर (मूलपरिवेश) असे नाव दिले. कॅनडात एम्. आय्. टिमोनिन यांनी १९४१ मध्ये जवसाचा मरप्रतिकारक वाण व मरीस बळी पडणारा वाण यांची तुलना केली. प्रतिकारक वाणाच्या मुळांतून हायड्रोसायानिक अम्ल बाहेर पडते आणि त्यामुळे फ्युजेरियमची वाढ रोखली जाते, असे त्यांना आढळले. ज्वारीच्या कोवळ्या पाल्यात हेच अम्ल निर्माण करणारे द्रव्य असते. असा पाला खाऊन गुरे दगावतात, हे सर्वश्रुत आहे. ज्वारीच्या मुळांतूनही ते बाहेर पडते आणि काही रोगकारक कवकांवर त्याचा परिणाम होतो, असे भारतात रंगास्वामी व बालसुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये दाखविले. तुरीतील मर ज्वारीमुळे कमी का होते, याचे स्पष्टीकरण पुष्कळदा एवढ्यावरच आटोपले जाते. ते अपुरे वाटते. प्रयोगशाळेत एखादे द्रव्य कवकाला मारक ठरले, म्हणजे तेच द्रव्य शेतातील मातीत तेवढ्याच प्रमाणात टिकून तेच कार्य करते असे होत नाही. माती ते शोषून घेते व सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात. विरळता, अडसर व मूळस्राव यांचा एकत्रित परिणाम शेतात दिसतो असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

मूळस्रावांचा अधिक बारकाईने केलेला अभ्यास कलिंगड व भात यांच्यावरील आहे. चीनमधील नानजिंग येथील कृषी विद्यापीठात कलिंगडाच्या ओळींत कोरडवाहू पद्धतीचा भात घेऊन पाहिला असता कलिंगडाची मर लक्षणीय प्रमाणात कमी झाली (२००८). पुढील तपासणीत (२०१०) असे दिसले की, कलिंगडाचा मूळस्राव फ्युजेरियमची बीजुके रुजण्यास मदत करतो, तर भाताचा मूळस्राव ती रोखतो. भाताच्या स्रावात कुमॅरिक अम्ल सापडले. कलिंगडाच्या स्रावात ते नव्हते. म्हणजे जे पीक रोगाला बळी पडते ते आपल्या स्रावाने शत्रूला जागे करते आणि शेजारी त्याला पुन्हा झोपवितो.

कधी काम करणारे पीक नसून त्याच्या मुळांवरचे जीवाणू असतात. जपानमध्ये तोचिगी परगण्यात दुध्या भोपळ्याच्या गराच्या लांब पट्ट्या वाळवून विकण्याचा मोठा धंदा आहे. तेथील शेतकरी भोपळ्याच्या वेलाशेजारी कांद्याच्या जातीची पात अशी लावतात की, दोघांची मुळे एकमेकांत मिसळावीत. ही रीत कित्येक पिढ्यांची असून तीमुळे वेलांना मर लागत नाही, असा त्यांचा अनुभव होता. तोक्यो विद्यापीठातील त्सुतोमु आरिए व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये याचे कारण उलगडले. पातीच्या मुळांवर एक जीवाणू (तेव्हाचे नाव स्यूडोमोनस ग्लॅडिओली, आता बर्खोल्डेरिया ग्लॅडिओली) वाढतो व तो कवकनाशक द्रव्य निर्माण करतो. मर पडणाऱ्या भोपळ्याच्या मुळांना या जीवाणूचा आयता शेजार लाभतो. कांदा-लसूण कुलातील वनस्पतींचा असाच उपयोग केळीच्या मरीसाठी चीनमध्ये करून पाहण्यात आला असून त्यातही रोग घटल्याचे आढळले आहे (२०१२).

तापमान व ओल : कापसाच्या मूळकुजीचे उदाहरण याहून निराळ्या मार्गाचे आहे. पंजाबातील लायलपूर (आता पाकिस्तानातील फैसलाबाद) परिसरात अमेरिकन व देशी कापसाची झाडे भर उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या सुरुवातीस एकाएकी वाळून जात. ऱ्हायझोक्टोनिया वंशातील दोन कवके तिला कारणीभूत असून तापलेली जमीन त्यांना मानवते. रामसरूप वासुदेव यांनी या रोगावर दीर्घकाळ संशोधन करून अनेक लेख प्रसिद्ध केले. त्यांतील १९४१ च्या लेखात मिश्रपिकाचा परिणाम दिला आहे. कापसाच्या ओळींत मटकी पेरल्यास तिच्या वेलांनी जमीन झाकली जाते, मातीचे तापमान उतरते आणि मूळकूज मोठ्या प्रमाणात कमी होते, असे त्यांना आढळले. मटकीच्या मुळांत कवकाला मारक असे काही असावे लागले नाही. तिची सावली पुरेशी झाली. सर्वभक्षी कवकावर आंतरपिकाने मिळविलेल्या विजयाचे हे उदाहरण म्हणून विशेष महत्त्वाचे आहे.

तथापि सावली व ओल या दुधारी गोष्टी आहेत. मॅक्रोफोमिनाला उष्ण व कोरडी जमीन आवडते, म्हणून सावलीने ते मंदावते. याउलट फायटॉप्थोरा, पिथियम व स्क्लेरोशियम रॉल्फसाय यांना ओल हवी असते. पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीत दाट आंतरपिकामुळे बुंध्याशी ओल टिकून राहिली, तर कूज वाढण्याचाच धोका असतो. तसेच दोन पिकांत पाण्यासाठी चढाओढ झाली आणि मुख्य पिकाला दाणे भरतेवेळी ताण पडला, तर मॅक्रोफोमिनाला आयतीच संधी मिळते. रब्बी ज्वारीचा खडखड्या आणि हरभऱ्याची कोरडी मूळकूज हे दोन्ही रोग ताणाच्या काळात बळावतात, आणि दोहोंचे कारण हे एकच कवक आहे. यामुळे तुरीची मर रोखणारी ज्वारी या कवकाच्या बाबतीत मित्र राहत नाही. ती त्याचा साठा वाढविते.

उलट परिणाम : कवक आणि आश्रय यांचे नाते बाहेरून दिसते तितके सरळ नसते. इक्रिसॅटमधील हवारे व यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, हरभऱ्याच्या मरीचे कवक तूर, मसूर व वाटाणा यांच्या मुळांत शिरून राहू शकते, मात्र या पिकांवर रोगाची कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. शेतकऱ्याला तूर निरोगी दिसते आणि तिच्या मुळांत हरभऱ्याचा शत्रू पोसला जात असतो. हे कवक हरभऱ्यावाचूनही मातीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते, हे लक्षात घेता द्विदलाच्या जोडीला द्विदल घेण्याचा सल्ला सरसकट देणे बरोबर नाही. हरभऱ्यात जवस, मोहरी किंवा गहू घेतल्यास मर कमी होते, असे उत्तर भारतातील प्रयोगांत आढळले आहे. जवसालाही स्वतःची मर असते, पण ती फ्युजेरियमच्या निराळ्या प्रकारामुळे होत असल्याने हरभऱ्याला तिची बाधा होत नाही.

सूत्रकृमींचा प्रश्न याला जोडूनच येतो. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनी केलेल्या इजेमुळे फ्युजेरियमचा शिरकाव सोपा होतो आणि कधी कधी प्रतिकारक वाणही रोगाला बळी पडतो. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये काही सूत्रकृमींना मारक असल्याने भाजीपाल्याच्या पिकांत झेंडूच्या ओळी लावल्याने मूळरोग अप्रत्यक्षपणे घटू शकतात. याउलट सूत्रकृमींना प्रिय असलेली वांगी, भेंडी वा टोमॅटो ही पिके एकमेकांच्या शेजारी घेतल्यास दोघांचेही नुकसान होते.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्र हे तुरीच्या उत्पादनातील अग्रेसर राज्यांपैकी एक असून येथील तूर फार करून आंतरपीक म्हणूनच घेतली जाते. खरीप ज्वारी, बाजरी व कापूस हे तिचे परंपरागत सोबती. १९९० नंतर विदर्भ व मराठवाडा या भागांत सोयाबीनचा प्रसार झपाट्याने झाला. राज्यातील त्याखालील क्षेत्र आता चाळीस लाख हेक्टरांहून अधिक आहे. खरीप ज्वारीचे क्षेत्र त्या मानाने अतिशय घटले आणि तुरीचा नेहमीचा सोबती सोयाबीन हा झाला. सोयाबीनला फ्युजेरियम उडमची बाधा होत नाही, म्हणून विरळतेचा फायदा या जोडीतही मिळतो. परंतु ज्वारीच्या मुळांचे दाट जाळे, तिचे मूळस्राव आणि मागे राहणारी भरपूर धसकटे यांची भरपाई सोयाबीनकडून होईल असे मानण्यास आधार नाही. शिवाय मॅक्रोफोमिना व स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही दोन्ही कवके सोयाबीनवरही वाढतात. पैशाच्या हिशेबात सोयाबीन सरस ठरल्याने हा बदल झाला, आणि त्या हिशेबात मुळांच्या आरोग्याचा रकाना नव्हता.

या बदलाचे परिणाम तितकेसे तीव्र जाणवले नाहीत याचे एक कारण प्रतिकारक वाण हे होय. मरप्रतिकारक ‘मारुती’ (आयसीपी ८८६३) हा वाण महाराष्ट्रातील एका स्थानिक तुरीतून निवडलेला असून तो १९८६ मध्ये प्रथम कर्नाटकात प्रसारित झाला. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राने मर व वांझ रोग या दोहोंना दाद न देणारे ‘बीएसएमआर ७३६’ व ‘बीएसएमआर ८५३’ हे वाण दिले. असे वाण आल्यावर आंतरपिकाच्या रोगनियंत्रक गुणाकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक होते. मात्र फ्युजेरियम उडमचे प्रदेशपरत्वे भिन्न विभेद आढळतात आणि एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात बळी पडल्याची उदाहरणे आहेत. एकट्या तुरीच्या सलग पिकात प्रतिकारक वाणावर अशा नव्या विभेदांचा दाब अधिक पडतो.

रोगग्रस्त शेतात आंतरपीक घेताना काही गोष्टी लाभदायक ठरतात. तुरीचे तास दरवर्षी त्याच जागी येऊ न देता ज्वारीच्या तासांच्या जागी न्यावेत, म्हणजे एकाच शेतात आंतरपीक व फेरपालट या दोहोंचा अंशतः लाभ मिळतो. तुराट्या कापून नेल्या तरी रोगाचे घर जमिनीतील बुडख्यांत असते. मेलेल्या झाडांचे बुडखे खणून काढून जाळणे हे कष्टाचे असले तरी निरुपयोगी नाही. ट्रायकोडर्मासारख्या उपकारक कवकाची बीजप्रक्रिया केलेली तूर ज्वारीच्या सोबतीने पेरल्यास दोन्ही उपाय परस्परांना पूरक ठरतात. ज्या शेतात आधी मॅक्रोफोमिनाचा उपद्रव झालेला आहे, तेथे मात्र ज्वारी टाळून जमीन झाकणारे मटकीसारखे लवकर येणारे पीक निवडणे आणि पाण्याचा ताण पडू न देणे याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मटकीवरही हे कवक वाढू शकते, म्हणून ती काढल्यानंतर तिचे वेल व मुळे शेतात कुजू देऊ नयेत.